मान्यखेटची अंकमाला

आपल्या कलबुरगी जिल्ह्यात, सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी मालखेड हे गाव आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘कविराजमार्ग’मुळे नृपतुंगाचे नाव आपल्या कन्नड बंधूंच्या ओठी असते, त्याच्या काळच्या गणिताकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

या ग्रंथात गुणाकाराची काही उदाहरणे अशी आहेत की, उत्तर डावीकडून वाचा वा उजवीकडून, अंक तेच येतात. अशा संख्यांना आचार्यांनी हाराची उपमा दिली आहे. त्यांतील एक पाहू :

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

एकापासून सहापर्यंत चढणारी व मग क्रमाने उतरणारी ही संख्या पाहून कौतुक वाटते. पण असे का होते, हे विचारले म्हणजेच खरे गणित सुरू होते.

१११११११ नव्हे, तर सहा एकांची संख्या १११११११ पेक्षा एक अंक कमी, म्हणजे १११११११ मधील शेवटचा एक गाळून उरणारी ११११११ घ्या. तिला तिनेच गुणा. सहा ओळी येतील. प्रत्येक ओळीत सहा एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ अशा येतात. कोठेही हातचा नाही. म्हणून आपली संख्या हा ११११११ चा वर्ग होय. आणि एकूण छत्तीस एक मिळवले असल्याने तिच्या अंकांची बेरीजही ३६ च भरते.

आता अवयव पाडू. १११११১ = ३ × ७ × ११ × १३ × ३७. यांतील ३ × ७ = २१ आणि २१ चा वर्ग ४४१. उरलेल्यांचा गुणाकार ५२९१ व त्याचा वर्ग २७९९४६८१. म्हणजे आचार्यांचे गुण्य व गुणक हे दोन्ही पूर्ण वर्ग आहेत!

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशाच संख्यांचा अभ्यास करून त्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले.

हा क्रम नऊ एकांपर्यंत टिकतो. दहा एकांच्या वर्गात मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मिळते. अंकांची बेरीज १०० न होता ८२ होते. प्रत्येक हातच्यात एका घरातले दहा जाऊन शेजारी एकच मिळतो, म्हणजे नऊ घटतात. येथे हातचे दोन, म्हणून घट अठरा.

अकरा एकांच्या वर्गात किती हातचे येतील, हे वाचकांनी स्वतः करून पाहावे.