धूम्रपानबंदी व उपाहारगृहांचा हिशेब

विद्यार्थिमित्रहो, अर्थशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेढ्या, गिरण्या व सरकारी अंदाजपत्रके उभी राहतात. परंतु या शास्त्राचा एक महत्त्वाचा धडा नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या उपाहारगृहाच्या अथवा परमिट रूमच्या दारातही शिकता येतो. एकाच्या क्षणिक सुखाची किंमत दुसऱ्याने भरावी काय, हा तो प्रश्न होय.

प्रथम कायद्याची हकीकत पाहू. मुंबईचे पुढारी मुरली देवरा यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात रुग्णालये, शाळा, वाचनालये, कचेऱ्या, आगगाड्या इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ साली संसदेने तंबाखूविषयक कायदा केला व त्याखालील नवे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशी, अमलात आले. त्यांत उपाहारगृहे व मद्यगृहेही आली. नियम मोडणारास २०० रुपयांपर्यंत दंड ठरला. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहास मात्र भिंतींनी वेगळी केलेली धूम्रपानाची जागा ठेवण्याची सवलत मिळाली.

यावर मालकवर्गाची तक्रार अशी की, गिऱ्हाईक सिगारेट ओढीत बसते, बसते म्हणून आणखी काही मागविते. त्यास मनाई केली तर ते उठून जाईल आणि धंदा बसेल. ही भीती पोकळ म्हणून हसण्यावारी नेणे बरे नव्हे. परंतु ते गिऱ्हाईक उठून जाणार कोठे, हेही विचारले पाहिजे. एकाच मालकाने आपल्या मनाने बंदी केली, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाईल. सर्वांवर एकच नियम असला, तर शेजारीही तीच पाटी दिसेल. म्हणूनच जे काम एकट्या सज्जन मालकास साधत नाही, ते कायद्यास साधते.

आता अनुभवाकडे वळू. न्यूयॉर्क शहरात ३० मार्च २००३ पासून मद्यगृहांत धूम्रपान बंद झाले. वर्षभराने शहराने करवसुलीचे आकडे पाहिले, तेव्हा उपाहारगृहे व मद्यगृहे मिळून करांचे उत्पन्न ८.७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. परंतु सावध वाचक येथे थांबून दोन शंका घेईल. २००१ च्या आघातातून ते शहर त्या सुमारास सावरत होते, तेव्हा सारी वाढ बंदीमुळेच झाली असे कसे म्हणावे? शिवाय दोन्ही धंद्यांची बेरीज केल्याने एकाची तूट दुसऱ्याच्या नफ्यात लपू शकते. अमेरिकेतील काही अभ्यासांत केवळ मद्यगृहांतील रोजगार घटल्याचेही दिसून आले. उलटपक्षी, २००३ साली अशा अनेक अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा धंदा बुडतो असे सांगणारे बहुतेक अभ्यास तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या पैशाने झालेले व मालकांच्या अंदाजांवर उभारलेले निघाले. विक्रीच्या प्रत्यक्ष नोंदी काळजीपूर्वक तपासणाऱ्यांस तशी हानी आढळली नाही. आकडा कोणी व कशावरून काढला, हे पाहिल्यावाचून तो स्वीकारू नये, हा यातील बोध होय.

आपल्याकडील स्थिती कशी आहे? २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत. परंतु त्यांतील बहुतेक ती खाणारे, ओढणारे शेकडा सुमारे ४ च. मद्यगृहांत हे प्रमाण साहजिकच अधिक असणार; तरी उपाहारगृहात येणारी बहुसंख्य माणसे धूर सोडणारी नसून सोसणारी असतात. एक काल्पनिक हिशेब करू. समजा, बंदीमुळे रोजची पाच गिऱ्हाइके तुटली व प्रत्येकाचा खर्च २०० रुपये होता. तूट १,००० रुपयांची. पण धुरास कंटाळून न येणारी, चार चार माणसांची दोन कुटुंबे जेवावयास येऊ लागली व माणशी १५० रुपये खर्चू लागली, तर भर १,२०० रुपयांची. जेथे केवळ मद्यपीच जातात तेथे हा हिशेब इतका सहज जुळणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. नांदेडचे मात्र विशेष आहे. शीख धर्मात तंबाखू निषिद्ध असल्याने हुजूर साहिबच्या लंगरात असंख्य यात्रेकरूंचे आतिथ्य धुरावाचूनच चालते. माणसे येतात ती अन्नासाठी व आपुलकीसाठी, धुरासाठी नव्हेत.

खरा अन्याय होतो तो निराळ्या ठिकाणी. नियम कागदावर सर्वांस सारखा, पण अंमल एका गल्लीत कडक व दुसऱ्या गल्लीत सैल असला, की नियम पाळणाऱ्या मालकाचे नुकसान होते आणि मोडणाऱ्याचा लाभ. तसेच मोठा हॉटेलवाला वेगळी खोली बांधू शकतो. आठ-दहा बाकांच्या छोट्या दुकानदारास ती सवलतच नाही. म्हणून कायद्याइतकेच महत्त्व त्याच्या समान अंमलास आहे.

आणि एक रकाना कोणत्याच खतावणीत नसतो. तो म्हणजे वाढप्याच्या फुप्फुसांचा. गिऱ्हाईक तासाभराने निघून जाते. परंतु खेड्यातून पोटासाठी आलेला तो तरुण रात्रीपर्यंत त्याच हवेत वावरतो. स्कॉटलंडात २६ मार्च २००६ रोजी बंदी झाली, तेव्हा डंडी येथील मद्यगृहांतील नोकरांची तपासणी करण्यात आली. बंदीपूर्वी शंभरांत सुमारे ७९ जणांस खोकला, धाप, डोळ्यांची वा घशाची आग यांसारखा त्रास होता. दोन महिन्यांनी तो सुमारे ४७ जणांसच उरला. हा लाभ मालकाच्या गल्ल्यात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे म्हणता येईल काय?

पालकांस एकच विनंती. लातुरास शिकावयास आलेली आपली मुले खाणावळीत जेवतात. तेथे पाटी आहे काय व ती पाळली जाते काय, हे एकदा पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, पुढे कोणताही ताळेबंद हाती आला, तर जमाखर्च जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. ज्याचे नाव त्यात लिहिलेलेच नाही, त्याने काय भरले हेही विचारा.