घंटी म्हणजे नमस्कार नव्हे

(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र विभाग)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही, असे समाजशास्त्राच्या सरांनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम 'हुंडा : एक सामाजिक समस्या' हाच विषय आला. पण त्यावर दर वर्षी कोणीतरी लिहितेच. सर म्हणाले, "तू रोज सायकलवर येतेस ना? मग रस्त्यावर माणसे कशी वागतात ते लिही." रस्त्यावर मी कशी वागते, हे मला त्याच आठवड्यात घरी ऐकावे लागले होते. म्हणून हा विषय घेतला आहे. काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

घडले ते असे. आमच्या वाडीपासून फलटण सात किलोमीटर. सकाळी पावणेसातला मी निघाले होते. पुढे आमची धाकटी चुलती, जिला आम्ही नानी म्हणतो, डोक्यावर घासाचा भारा घेऊन चालली होती. मला उशीर झाला होता. मी दोनदा घंटी वाजवली, नानीकडे पाहून हसले आणि पुढे गेले. माझ्या मते मी तिला ओळख दिली होती. संध्याकाळी घरी आले तर नानी ओट्यावर बसून आईला सांगत होती, "तुझ्या लेकीनं मला घंटी वाजवली गं. म्हशीला वाजवत्यात तशी. शिकाय लागली म्हंजी मान्सं दिसत न्हाईत व्हय?" आई काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला जास्त लागले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझ्या हातून काही चुकले तर ते माझे राहत नाही, शिक्षणाचे होते.

त्यानंतर मी रोज जाता-येता पाहू लागले की सायकलवरची माणसे एकमेकांना ओळख देतात ती कशी देतात. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाहण्याचा सारांश. वहीत खुणा केल्या आहेत, पण त्याला शास्त्रीय सर्वेक्षण म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रथम घंटीविषयी. घंटी वाजली की पुढच्या माणसाला एकच अर्थ कळतो : बाजूला हो. वाजवणाऱ्याच्या मनात प्रेम असो की राग, आवाज तोच. रोज भेटणारे दोन सायकलवाले समोरासमोर आले तर कधी कधी गमतीने घंटी देतात आणि ती चालते, कारण तिथे डोळे भिडलेले असतात व दोघेही चाकांवर असतात. पाठीमागून दिलेली घंटी मात्र नमस्कार होऊ शकत नाही. ज्याला आपले तोंड दिसत नाही, त्याला आपले हसूही दिसत नाही. नानीचे म्हणणे बरोबर होते, हे कबूल करायला मला तीन दिवस लागले.

मागून जाताना करायचे काय? आमच्या भागातले जुने सायकलवाले तोंडाने बोलतात. शेजारी येण्याच्या आधी चार-पाच हात मागूनच "दादा, आलो बरं का उजवीकडनं" असे म्हणतात आणि पुढे निघताना "चलतो म्होरं" असे म्हणून जातात. वयाने मोठा माणूस हळू चालवत असेल तर त्याला न बोलता मागे टाकणे उद्धटपणाचे समजतात. मला ही पद्धत फार आवडली. यात सूचना आहे, ओळख आहे आणि पुढे जाण्याची परवानगीही आहे.

समोरून येणाऱ्याला ओळख देण्याचे प्रकार मात्र पुष्कळ. मान हलवणे सर्वांत सोपे. हँडलला दोन्ही बाजूंना किटल्या किंवा पिशव्या असल्या की मानेवरच भागवावे लागते. काहीजण मुठीतून फक्त चार बोटे उचलतात. तरुण मुले हात कपाळापर्यंत नेतात. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे समोरचा माणूस आपल्या उजव्या अंगाने जातो आणि उजवाच हात उचलला जातो. तो आडवा पसरला तर मागच्या वाहनवाल्याला वाटते की ही आता उजवीकडे वळणार. म्हणून हात छातीजवळून वर न्यावा, बाहेर काढू नये. शिवाय उजवा हात सुटला की डाव्या हाताखालचा ब्रेक तेवढा उरतो. तो लागतो की नाही हे नमस्काराच्या आधी पाहिलेले बरे. पाटाच्या उतारावर मी स्वतः एकदा नमस्कारासकट घाणेरीच्या झुडपात गेले आहे.

आता प्रश्न असा की सायकलवाल्यांतच ही रीत का दिसते? मी थोडे गणित केले. साधी सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जाते. दोन सायकली समोरासमोर पंधराच्या वेगाने आल्या तर त्या सेकंदाला सुमारे आठ मीटरने जवळ येतात. तीस मीटरवरून ओळख पटली तरी साडेतीन-चार सेकंद हाती राहतात. तेवढ्यात पाहणे, हसणे, "काय, निघाली का?" आणि "व्हय, आज लवकर हाय" हे सगळे बसते. दोन मोटारसायकली साठच्या वेगाने आल्या तर त्याच तीस मीटरला पुरता एक सेकंदही मिळत नाही. शिवाय हेल्मेटमध्ये तोंड झाकलेले. म्हणजे मोटारसायकलवाला गर्विष्ठ असतो असे नाही, त्याला वेळच नसतो. (आमच्या वर्गातल्या स्कूटीवाल्या मैत्रिणींनी हे वाक्य मुद्दाम वाचावे. मी तुमच्यावर रागावलेली नाही.)

याचा दुसरा पुरावा रस्त्याने दिला. आमच्या वाडीहून फलटणला जायला दोन वाटा आहेत. एक पालखीचा मोठा रस्ता, दुसरी निरा उजव्या कालव्याच्या कडेची, जिला सगळे पाटाचा रस्ता म्हणतात. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला २०२१ च्या नोव्हेंबरात बसली. आमच्या बाजूला रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला. रस्ता चांगला झाला यात शंका नाही. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचे तर आता हाडे खिळखिळी होत नाहीत. पण समोरून येणारा माणूस आता दुभाजकापलीकडे असतो. त्याला ओळख द्यायची तर ओरडावे लागते. माझ्या वहीत मोठ्या रस्त्याच्या पानावर खुणा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. पाटाच्या रस्त्याचे पान भरलेले आहे. तिथे पाटकरी, खुरपणीला निघालेल्या बाया, डबा अडकवून जाणारे गवंडी, शाळेची मुले असे सगळे भेटतात आणि वाट इतकी अरुंद की न पाहता कोणाला जाताच येत नाही. इअरफोन घातलेली मुले तेवढी अपवाद.

या बोलण्यात काय असते? बहुतेक वेळा काहीच नसते. "कुठं निघाली?" असे विचारणाऱ्याला दिसतेच की पाठीला दप्तर आहे. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असे नाव दिले, हे आम्हाला वर्गात शिकवले आहे. माहिती देण्यासाठी नव्हे, तर नाते जागते ठेवण्यासाठी केलेले बोलणे, असा त्याचा अर्थ. हे ऐकले तेव्हा मला आनंद झाला की आमच्या पाटावरच्या गप्पांनाही शास्त्रात जागा आहे. पण मॅलिनोव्हस्की साहेब मुलगी होऊन सायकलवर बसले नसावेत. मुलाला "कुठं निघाला?" म्हणतात तो नमस्कार असतो. मुलीला विचारतात तेव्हा तो नमस्कार आहे की चौकशी, हे आवाजावरून ओळखावे लागते. मी अनोळखी माणसाकडे पाहून मान हलवली तर "पोरगी लई मोकळी हाय" असे होते, आणि खाली मान घालून गेले तर "शिकून शेफारली" असे. यातून मी माझ्यापुरता एक मार्ग काढला आहे. ओळखीचा असो वा नसो, आजोबा-आजींच्या वयाच्या प्रत्येकाला मी आधी बोलते. बायकांना तर नेहमीच. माझ्या वयाच्या मुलांना ते आधी बोलले आणि नीट बोलले तरच. हा नियम न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. सध्या तो मला उपयोगी पडतो, इतकेच.

आधी कोणी बोलावे, यावर जुन्या ग्रंथांतही विचार झालेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादी आहे. चाकाच्या वाहनातला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझेवाला, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव, यांना वाट द्यावी असे तिथे म्हटले आहे. त्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला काय झाले हे वाचकांना ठाऊकच आहे. पण वाद म्हणून मी ती यादी नानीच्या भांडणाला लावून पाहिली. स्त्रिया तर आम्ही दोघी. ओझे नानीकडे, चाके माझ्याकडे. आणि यादीत चाके पहिली! तेव्हा मनूने निकाल माझ्या बाजूने दिला असता. मला तो नको आहे.

याच्या अगदी उलट नियम मला एसटी स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळाला. पंक्चर काढता काढता तिथले चाचा म्हणाले, "बेटी, आमच्यात सवारीवाल्याने पैदल माणसाला पहिला सलाम करायचा." मी ग्रंथालयात शोधले तेव्हा कळले की हा हदीसमधला नियम आहे. वाहनावर बसलेल्याने चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी पुष्कळांना आधी सलाम करावा. यात जो उंचावर आहे, वेगात आहे, त्याच्यावर पहिला शब्द बोलण्याची जबाबदारी टाकली आहे. सायकल ही काही फार मोठी उंची नव्हे. पण डोक्यावर भारा असलेल्या बाईला ती खालून उंचच दिसत असणार.

यापुढचा मुद्दा लिहावा की नाही याचा मी विचार केला. मोठी माणसे समोर आली तर सायकलवरून खाली उतरावे, असे लहानपणी आम्हाला शाळेत सांगत असत. गुरुजी दिसले की मुले उतरत. मीही उतरत असे. एकदा घरी आजोबांना हे कौतुकाने सांगितले तर ते म्हणाले, "कुणासाठी उतरू नगंस." मग त्यांनी जे सांगितले ते मला माहीत नव्हते. १९६८ च्या सुमारास त्यांनी जुनी सायकल घेतली होती, कामावर जाण्यासाठी. वाटेत एका गावात (नाव लिहीत नाही) एका मोठ्या वाड्यासमोरून आमच्या लोकांनी सायकलवर बसून जायचे नाही, अशी रीत होती. आजोबा वाड्याच्या अलीकडच्या वळणावर उतरत, खाली बसत आणि चेन पडल्यासारखे करून ती बसवत. मग सायकल हातात धरून, चेनकडे पाहत वाडा ओलांडत. म्हणजे बघणाऱ्याला वाटावे की माणूस उतरला तो चेनसाठी. रोज कामावर काळे हात घेऊन गेले. सोबतचे लोक म्हणत, अरे ती चेन एकदा बदलून तरी घे.

तेव्हापासून 'उतरणे म्हणजे आदर' हे वाक्य मला सरळ वाचता येत नाही. एकाच्या उतरण्यात आदर असतो, दुसऱ्याच्या उतरण्यात सक्ती, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. आमच्या लोकांना पूर्वी 'जोहार' म्हणावे लागे, तोही वाकून आणि लांबून. त्याच्या जागी 'जय भीम' आला. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. 'जय भीम' म्हणताना वाकावे लागत नाही, सायकलवर बसून म्हणता येतो. माझे वडील तो हँडलवरचा हात उचलून खणखणीत म्हणतात. पाटावर एक वयस्कर शेतकरी रोज भेटतात. ते "राम राम" म्हणतात. मी बरेच दिवस नुसतीच मान हलवत होते, कारण काय उत्तर द्यावे ते सुचत नव्हते. एके दिवशी धीर करून "जय भीम, बाबा" म्हणाले. त्यांनी एक क्षण पाहिले आणि म्हणाले, "जय भीम, जय भीम. पेपर कधी हाय तुझा?" आता ते राम राम म्हणतात, मी जय भीम म्हणते आणि पुढे आम्ही पाण्याच्या पाळीबद्दल बोलतो.

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण मुक्कामी येते, तेव्हा हे सगळे नियम गुंडाळले जातात. लहान-मोठा, बाई-पुरुष, सगळेच 'माउली'. त्या गर्दीत सायकलवर बसता येत नाही, हातातच धरावी लागते, आणि वारकरी तुमचे वय न पाहता तुमच्या पायाला हात लावतो. पहिल्यांदा मी इतकी बावरले की सायकल पाडली. पालखी पुढे गेली की दोन दिवसांत रस्ता पुन्हा पहिल्यासारखा होतो.

उतरण्याबद्दल मी आता एवढेच ठरवले आहे की मान देण्यासाठी उतरायचे नाही. बोलायचे असेल, किंवा समोरच्याकडे ओझे असेल, तर उतरायचे. आमचे सर पायी येतात, त्यांना मी सायकलवरूनच नमस्कार करते. त्यांना वाईट वाटत असेल तर या लेखामुळे कारण कळेल.

नानीशी बोलायला मात्र मला आठवडा लागला. सुट्टीच्या दिवशी ती तशीच भारा घेऊन चालली होती. मी मागून हाक मारली, "नानी, आले गं," आणि खाली उतरले. भारा कॅरिअरवर ठेवून सुतळीने बांधला. ती बराच वेळ काही बोलली नाही. वाडीच्या तोंडाशी कोणाच्या तरी दोन म्हशी वाट अडवून उभ्या होत्या. तेव्हा म्हणाली, "आता वाजव की तुझी घंटी."