मनाचा रवंथ

रात्रीचे दहा वाजून गेले होते. घरातील सर्व मंडळी झोपी गेली होती. परंतु एका मुलीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याच दिवशी ती तालुक्याच्या गावी जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन आली होती. प्रश्नपत्रिका तिला मुळीच कठीण गेली नव्हती. मात्र परतीच्या वाटेवर एस. टी. मध्ये बसल्यावर अकस्मात तिच्या मनात आले, 'उत्तरपत्रिकेवर आपण बैठक क्रमांक लिहिला ना?' झाले! तेव्हापासून तो एकच प्रश्न तिच्या मनात घिरट्या घालू लागला. क्रमांक लिहिला नसेल, तर उत्तरपत्रिका तपासली जाणार नाही. ती तपासली नाही, तर शिष्यवृत्ती नाही. आणि शिष्यवृत्ती नाही, तर पुढील शिक्षणाचे काय? अंथरुणावर पडल्या पडल्या तिने एका विसरलेल्या आकड्यापायी आपले सारे आयुष्य फुकट गेल्याचे चित्र रंगविले.

शेजारी निजलेल्या आजीला तिची चुळबूळ जाणवली. सारी हकीकत ऐकून घेतल्यावर आजी क्षणभर स्तब्ध राहिली. भिंतीपलीकडे गोठा होता. तेथून गाईच्या चघळण्याचा संथ आवाज येत होता.

"ऐकतेस ना? तीही जागीच आहे," आजी म्हणाली. "पण बाळ, ती रवंथ करते, तो पोटातल्या चाऱ्याचा. तू कशाचा करते आहेस?"

आजीचा प्रश्न मोठा मार्मिक होता. गाय रानात घाईघाईने चरते. तो चारा प्रथम तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात साठतो. पुढे निवांत बसल्यावर तोच घास पुन्हा तोंडात आणून ती बारीक चावते. दिवसाचे सात-आठ तास ती या कामी घालविते, आणि त्यातून तिचे पोषण होते. माणसाचे मनही झालेली गोष्ट अशीच पुनःपुन्हा वर आणते. पण शंभर वेळा चघळला, तरी त्या घासातून रस निघत नाही. उलट प्रत्येक वेळी तो अधिकच कडू लागतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्यालाही अशी एखादी रात्र जागून काढावी लागली असावी.

मग असा विचार मनातून हाकलूनच का देऊ नये? येथेच मनाची गंमत आहे. 'हे औषध घेताना माकडाची आठवण काढू नकोस,' असे वैद्याने बजावले आणि रोग्याला जन्मात ते औषध घेता आले नाही, ही गोष्ट घरोघरी सांगतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली जवळजवळ हाच प्रयोग करून पाहिला. माकडाच्या जागी त्यांनी पांढरे अस्वल घेतले, एवढेच. पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहावे, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नये. तो आलाच, तर घंटी वाजवावी, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. घंटी वाजतच राहिली! पुढे अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा तर या विद्यार्थ्यांच्या मनात ते अधिकच वेळा आले. ज्यांना प्रथमपासून मोकळीक होती, त्यांच्यापेक्षाही अधिक. वडीलधारी माणसे 'काळजी करू नकोस' असे प्रेमाने सांगतात, तरी त्याचा फारसा उपयोग का होत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

मराठी भाषेने या बाबतीत एक सुंदर भेद करून ठेवला आहे. काळजी 'करता' येते, आणि काळजी 'घेता'ही येते. शब्द एकच, क्रियापद तेवढे निराळे. मृग लागला तरी आभाळात ढग नाही, म्हणून आढ्याकडे पाहत बसणारा शेतकरी काळजी करतो. त्याचा शेजारी उठून फुटका बांध नीट करतो, बियाणे कोरड्या जागी हलवितो. तो काळजी घेतो. पाऊस दोघांच्याही हाती नसतो. मात्र मनाला थोडीही रुखरुख लागली नसती, तर शेजाऱ्याला तरी बांधाची आठवण कशी झाली असती?

दुसऱ्या दिवशी मुलीने शाळेत गुरुजींना विचारले. पर्यवेक्षक सही करण्यापूर्वी क्रमांक पाहून घेतात, असे त्यांनी सांगितले. तिला हायसे वाटले. पण सायंकाळ होताच, 'आणि त्यांनी पाहिलाच नसेल तर?' असे मन पुन्हा कुरकुरू लागले. असल्या हट्टी काळजीवर थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधी युक्ती तपासून पाहिली होती. काळजीला दररोज एका ठरावीक जागी अर्धा तास नेमून द्यावयाचा. एरवी ती आली, की 'तुझी वेळ झाल्यावर ये' असे तिला सांगून हातातील कामाकडे वळावयाचे. नेमल्या वेळी मात्र तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावयाचे आणि काही करण्याजोगे आहे का, ते पाहावयाचे. हा नेम चार आठवडे पाळणाऱ्यांची काळजी, न पाळणाऱ्यांच्या मानाने, कमी झालेली आढळली. यात पाहुण्याला हाकलणे नाही; त्याला थोडा वेळ ओसरीवर बसविणे आहे.

कित्येकदा मात्र काळजी एवढ्याने आटोपत नाही. आठवडेच्या आठवडे झोप व भूक हरपते, शाळेत जाण्याचे धैर्य होत नाही. अशा वेळी एकट्याने झुंजत बसण्यात शहाणपण नाही. आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगावे, डॉक्टरांना भेटावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या मुलीला गुरुजींनी हीच अर्ध्या तासाची युक्ती सांगितली. ती रोज दिवेलागणीपूर्वी ओट्यावर वही घेऊन बसू लागली. पानाच्या डाव्या बाजूस काळजी लिहावी आणि उजव्या बाजूस तिच्यासाठी करण्याजोगे काम, असा तिने नेम ठेवला. पहिल्या दिवशी बैठक क्रमांकाने पाऊण पान व्यापले; उजवीकडे एवढेच होते, 'गुरुजींना विचारले'. चौथ्या दिवशी त्याला दोन ओळी पुरल्या. कधी कधी अर्धा तास संपण्यापूर्वीच तिला कंटाळा येई आणि ती आजीला हाक मारी. निकालाला अद्याप तीन आठवडे अवकाश होता, तेव्हाच्या एका पानावर क्रमांकाचा उल्लेखच नाही. डावीकडे लिहिले आहे, 'वासराच्या पायाला जखम झाली आहे', आणि उजवीकडे, 'हळद लावली. उद्या पुन्हा पाहायचे.'