विद्येचे ऋण

पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळी दंडक होता. परंतु अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती भाषा शिकविली. त्याबद्दल लोकांचा रोष पत्करून त्यांनी रानात घर केले. लक्ष्मीबाईंनी पुढे तीच विद्या आपल्या धाकट्या कन्येस दिली. दिवसा त्यांना घरकामातून उसंत मिळत नसे. म्हणून पाखरे जागी होण्याच्या वेळी त्या रमेला उठवून जवळ घेत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. अशा रीतीने भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत असे आणि पुराण सांगून जे मिळेल त्यावर निर्वाह करी. पुढे दुष्काळ पडला. रानातील पाला व कच्ची फळे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. आधी वडील, मग आई व थोरली बहीण निवर्तली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी देश फिरू लागले. पांघरूण नसल्यामुळे एकदा झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. भुकेची ओळख रमाबाईंना ग्रंथांतून झाली नव्हती.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बंधू वारले. पतीही १८८२ साली पटकीने दगावले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या.

तेथे लंडनजवळ ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी आपुलकीने वागवीत व काम शिकवीत. ही माया यांच्या ठायी कोठून आली, असा प्रश्न रमाबाईंनी केला. उत्तरादाखल त्यांना शुभवर्तमानातील एक कथा वाचून दाखविण्यात आली. त्या कथेत येशू ख्रिस्त विहिरीपाशी आलेल्या, लोकांनी हीन मानलेल्या एका स्त्रीशी आदराने बोलतो. वाचलेले वचन आणि पाहिलेले कार्य यांचा मेळ त्यांना तेथे आढळला. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. स्वदेशातील अनेकांना यामुळे दुःख झाले. इकडे इंग्लंडातील गुरुजनांचे प्रत्येक मतही त्यांनी डोळे मिटून मानले नाही. श्रद्धा ठेवावयाची ती विचार करून, असा त्यांचा बाणा होता.

अमेरिकेत असताना १८८७ साली त्यांनी हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदासदन’ ही शाळा उघडली व पुढच्या वर्षी ती पुण्यास नेली. १८९३ साली, मुली ख्रिस्ती होतील या भीतीने अनेक पालकांनी त्यांना शाळेतून काढून नेले. तरी रमाबाईंनी काम सोडले नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेथील अनाथ मुलींची अवस्था ऐकताच रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती. म्हणून दौंड तालुक्यातील केडगाव येथे आपल्या शेतावर त्यांनी या साऱ्यांची सोय केली. हेच पुढे ‘मुक्ती’ या नावाने प्रसिद्धीस आले. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांहून अधिक झाली. तेथे मुली लिहावयास शिकत, शेती करीत, कापड विणीत. आंधळ्या मुली बोटांनी ब्रेल लिपी वाचीत आणि टोपल्या विणीत. कोणी नुसत्या अन्नावर अवलंबून राहू नये, प्रत्येकीच्या हाती काहीतरी विद्या असावी, हा त्यामागील हेतू होता.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. पूर्वीचे भाषांतर खेड्यातील बायकांना कळण्यास कठीण आहे, असे त्यांना वाटे. ज्यांच्या जिभेवर हजारो संस्कृत श्लोक होते, त्या पंडितेने साधे, रोजच्या बोलण्यातले शब्द निवडले. जड शब्द त्यांना सहज सुचले असते. पण ते ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांनाच कळले नसते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही तेथील स्त्रियांनीच केले.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९२४ साली बाहेर पडला. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधार स्त्रियांना व मुलांना आश्रय देत आहे. पहाटेच्या अंधारात एका आईने आपल्या मुलीला जे दिले, ते त्या मुलीने आपल्यापाशी ठेवले नाही. ज्यांना शिकविण्यास कोणी नव्हते, त्यांच्यापर्यंत तिने ते पोहोचविले.