जुनी होडी

दाभोळच्या खाडीकाठी एक जुनी शिडाची होडी झापांखाली पडून होती. लोक म्हणत, "फोडा आणि चुलीत घाला." आम्ही चौघे मित्र म्हाताऱ्या नाखवांकडे गेलो. त्यांनी सुरीने फळ्या टोचून पाहिल्या.

"लाकूड सागाचे आहे. कुजलेले नाही. नुसते सांधे उघडलेत."

मग कालापाती केली. म्हणजे काय? तेलात भिजवलेला कापूस फळ्यांच्या फटींत ठोकून भरायचा. वरून राळ आणि तेल यांचा लेप द्यायचा. फार चिकट काम! दोन दिवस हात सुटत नव्हते.

होडी पाण्यात लोटली, तर आत पाणी येऊ लागले. आमचे तोंड उतरले. नाखवा हसले.

"अरे, सुकलेले लाकूड आकसते. ते पाणी पिऊन फुगले, की फटी मिटतात. उपसत राहा."

रात्रभर आळीपाळीने पाणी उपसले. सकाळी गळती थांबली.

थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे शीड चढवले. या वेळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. त्याने आम्हांला खाडीच्या मुखाशी नेले. तिथेच भाकरी खाल्ली. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला. त्याने परत आणले.

"फोडा" म्हणणारे काठावर उभे होते. एकाने विचारले, "उद्या जागा आहे का रे?"