गळाची अळी

(गळ टाकून मासे धरण्याची रीत फार जुनी आहे. गळाला खरे गांडूळ न लावता मऊ प्लॅस्टिकची अळी कशी लावावी आणि मासा हाती येत असूनही तो कधी सोडून द्यावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)



पेठ वडगावच्या उत्तरेला वारणा नदी वाहते. ती कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरून जाते व हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि पाणी अडवतात. पाणी संथ होते. काठाला गवत आणि जलपर्णी वाढते. मरळ माशाला असे पाणी आवडते.

मरळ तुम्ही बाजारात पाहिला असेल. त्याचे डोके सापासारखे असते. तो पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणून ओला ठेवला तर पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. तो गवतात दबा धरून बसतो आणि लहान मासे, बेडूक खातो.

आता अडचण पाहा. मासा गवतात आहे, म्हणून गळही गवतात टाकावा लागतो. पण उघडे टोक गवतात अडकते. ओढले तर दोरी तुटते, मासाही पळतो. यावर उपाय काय? गळाचे टोक अळीच्या अंगात लपवायचे.

अशी मऊ अळी अमेरिकेतील निक क्रीम यांनी १९४९ साली ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात तयार केली. ती बोटांत धरली तर खऱ्या गांडुळासारखी वळवळते.

अळी गळाला अशी लावा :

१. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, आरपार भोक असलेले वजन ओवा. त्याचे निमुळते तोंड काठीकडे ठेवा. मग गळ बांधा.

२. गळाचे टोक अळीच्या डोक्यात मधोमध खुपसा. सुमारे अर्धा सेंटिमीटर आत गेले की ते खालच्या बाजूने बाहेर काढा.

३. अळी गळावर वर सरकवा. गळाचा दोरी बांधलेला भाग डोक्यात लपला पाहिजे.

४. गळ अर्धा फिरवा. आता टोक अळीच्या अंगाकडे येईल.

५. गळ अळीच्या बाजूला धरून टोक कोठे येते ते पाहा. तेथेच ते अंगात घाला आणि पाठीच्या कातडीखाली लपवा.

आता अळी सरळ आहे ना, हे तपासा. ती वाकडी असेल तर पाण्यात गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो आणि मासा जवळ येत नाही. वाकडी दिसली तर काढा व पुन्हा लावा. आळस करू नका.

गळ गवताच्या कडेला टाका आणि अळी तळाशी जाऊ द्या. काठीचे टोक हळूच वर उचला, मग खाली न्या. अळी वर उठते आणि परत खाली पडते. बहुतेक वेळा मासा ती खाली पडत असतानाच घेतो. म्हणून हाताबरोबर डोळ्यांनीही काम करा. दोरी एकदम बाजूला सरकली किंवा मध्येच सैल पडली, तर मासा लागला असे समजा. सैल दोरी आधी गुंडाळा, मगच झटका द्या. सैल दोरीवर दिलेला झटका माशापर्यंत पोहोचत नाही. उर्दूत आपण ज्याला सब्र म्हणतो, त्याला मराठीत धीर म्हणतात. गळ टाकणाऱ्याचे निम्मे काम धीरच करतो.

पण मित्रांनो, एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. पावसाळ्यात मरळ अंडी घालतो. तांबूस रंगाची शेकडो पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाजवळ थव्याने फिरतात आणि आईबाप त्यांच्याखाली पहारा देतात. या वेळी अळी जवळ पडली, तर मरळ भूक नसतानाही तिच्यावर झेप घेतो. ती आपल्या पिल्लांना खायला आली आहे, असे त्याला वाटते. त्याला धरण्याची याहून सोपी वेळ नाही, आणि त्याला सोडून देण्याचीही हीच वेळ आहे. तो गेला की इतर मासे ती पिल्ले खाऊन टाकतात. तुम्ही धरलेला मासा एकच असतो, पण पुढच्या वर्षीचे कितीतरी मासे त्याच्याबरोबर जातात. म्हणून तांबूस थवा दिसला की गळ गुंडाळा.

फाटलेली अळी पाण्यात टाकू नका. प्लॅस्टिक कुजत नाही. माशाने ते गिळले तर त्याच्या पोटात अडकून राहते. तुटलेली दोरी पक्ष्यांच्या पायांत गुंतते. दोन्ही वस्तू खिशात घालून घरी आणा. वजन शिशाचे असेल तर ते दातांनी दाबू नका, कारण शिसे विषारी असते. तळ्यात मासे धरण्याचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेथे आधी परवानगी घ्या. बंधाऱ्याजवळ एकट्याने कधीही जाऊ नका. वरून संथ दिसणारे पाणी खाली ओढ घेते.

गरजेपुरता मासा धरा आणि नदीत उद्यासाठी मासे ठेवा. नदी एकट्या आपली नाही. ती आपल्यानंतर येणाऱ्या मुलांचीही आहे.

शब्दार्थ
गळ – मासे धरण्याचा आकडा, कांटा
दबा धरणे – लपून वाट पाहणे
संथ – हळू वाहणारे
बरगे – बंधाऱ्यात पाणी अडवण्यासाठी घालायच्या फळ्या
निमुळते – टोकाकडे बारीक होत जाणारे
थवा – समूह, झुंड

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वारणा नदी कृष्णेला कोठे मिळते?
(आ) मरळ पाण्याबाहेर बराच वेळ का जगतो?
२. कारणे लिहा.
(अ) गळाचे टोक अळीच्या अंगात लपवतात.
(आ) तांबूस थवा दिसला की गळ गुंडाळावा.
३. 'दबा धरणे', 'पहारा देणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुम्हांला येणारे एखादे काम पाच पायऱ्यांत लिहा.