खड्ड्यात वाजते, स्पीडब्रेकरवर नाही

प्रश्न : माझी हॅचबॅक आठ वर्षांची आहे, ७२,००० किलोमीटर झालेली. पावसाळा सुरू झाल्यापासून पुढून, बहुधा डाव्या बाजूने, 'खट् खट्' असा आवाज येतो. पेव्हर ब्लॉकवर किंवा एखादं चाक खड्ड्यात गेलं की हमखास. सोसायटीच्या दारातल्या उंच स्पीडब्रेकरवरून हळू नेली तर मात्र काही वाजत नाही. हायवेवरही गाडी गप्प असते. मिस्त्रींनी जंपर गेलेत म्हणून पुढचे दोन्ही बदलले. खर्च भरपूर झाला, आवाज तसाच राहिला. उलट आता उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की 'टण्' असा दुसराच आवाज येतो. आता ते म्हणतात, लोअर आर्म बदलून बघू. गणपतीला अणुस्कुरा घाटाने राजापूरला जायचं आहे. नक्की काय बदलावं? आणि गाडी न्यावी का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमच्या पत्रात सर्वांत मोलाचं वाक्य स्पीडब्रेकरचं आहे. मिस्त्रींनी ते विचारलं असतं, किंवा तुम्ही आपणहून सांगितलं असतं, तर जंपरवरचा खर्च बहुधा वाचला असता. असा आवाज आला की आपण सगळे 'कुठून येतो' यातच अडकतो. गाडीचं अंग म्हणजे एकमेकाला वेल्ड केलेला पत्रा. डाव्या चाकाजवळची खट् त्या पत्र्यातून फिरून तुमच्या उजव्या पायाखाली ऐकू येऊ शकते. 'कधी येतो' याचं उत्तर मात्र पत्र्याला फिरवता येत नाही.

एकच चाक खाली-वर झालं की वाजतं आणि दोन्ही चाकं एकदम चढली-उतरली की वाजत नाही, हे वर्णन मी ज्या भागावर सर्वांत आधी संशय घेईन त्याला नेमकं लागू पडतं. तो भाग म्हणजे लिंक रॉड.

गाडीच्या पुढच्या भागात आडवा एक पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. मधे दोन जागी तो रबरी बुशमध्ये धरलेला असतो आणि त्याची वळवलेली दोन टोकं एकेका लिंक रॉडने दोन चाकांच्या बाजूंना जोडलेली असतात. लिंक रॉड म्हणजे वीतभर लांबीची सळई, काही गाड्यांत त्याहून लांब, आणि तिच्या दोन्ही टोकांना लहान सुपारीएवढा बॉल जॉइंट. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की हा दांडा पिळला जातो आणि त्या कलण्याला विरोध करतो. घाटात गाडी अंग सावरून वळते त्यात याचा मोठा वाटा असतो.

आता स्पीडब्रेकर घ्या. दोन्ही चाकं बरोबरीने वर येतात, म्हणून दांडा पिळला जात नाही, आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो. लिंक रॉडवर जवळजवळ ताण नाही, मग ती वाजणार कशी? पण एकटं डावं चाक खड्ड्यात गेलं की दांडा पिळला जातो, तो सगळा जोर लिंक रॉडमधून जातो, आणि तिच्या बॉलला खोबणीत झीज झालेली असेल तर बॉल आधी एका बाजूला आपटतो, चाक वर येताना दुसऱ्या बाजूला. खट्, खट्. हायवेवर रस्ता सपाट असतो आणि लांब वळणावर ताण एकाच दिशेने धरून राहतो, त्यामुळे तिथे ती गप्प बसते.

मग मिस्त्रींच्या हाताला हा सैलपणा, म्हणजे प्ले, लागला का नाही? माझा अंदाज असा की त्यांनी एका बाजूला जॅक लावून चाक लोंबकळत ठेवून लिंक रॉड हलवून पाहिली असेल. एक चाक खाली लोंबलं की दांडा पिळलेला राहतो, लिंक रॉड ताणून घट्ट बसते आणि झीज लपते. चांगले अनुभवी लोकही इथे फसतात. लिंक रॉड तपासायची तर दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत, शक्यतो जमिनीवर. गाडी पिटवर घ्या. वरून एकाने एका बाजूने गाडी हलवत राहावं, खाली दुसऱ्याने लिंक रॉडच्या सांध्याला बोटं लावून बसावं. झिजलेला सांधा बोटांना टिचकी मारल्यासारखा लागतो. तरीही शंका उरली तर दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड काढून, बारची टोकं कुठे घासणार नाहीत असं पाहून, गाडी त्याच गल्लीतून अगदी हळू एक फेरी मारून आणावी. आवाज बंद झाला तर निकाल लागला. बार मोकळा असताना गाडी जास्त कलते, म्हणून ही फेरी गॅरेजच्या आसपासच, आणि लगेच जोडणी परत करायची. सस्पेन्शनमधल्या स्वस्त भागांपैकी हा एक आहे. बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचा बदला. बार धरणारे रबरी बुशही त्याच वेळी पाहून घ्या, कारण ते सैल झाले तरी आवाज असाच एका चाकाच्या खड्ड्यात येतो, फक्त खट् ऐवजी धप् असा बसका. (मारुती ८००सारख्या जुन्या गाडीत वेगळी लिंक रॉड नसते, बारचं टोक थेट लोअर आर्ममध्ये बसतं. तिथे त्या टोकाचे बुश पाहायचे.)

दुसरा आवाज, स्टिअरिंग वळवतानाचा 'टण्', जंपर बदलल्यानंतर सुरू झाला. माझ्या मते तो वेगळाच दोष आहे आणि त्या कामातूनच आलेला आहे. तो समजायला पुढच्या जंपरची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित केली, १९५० मध्ये फोर्डने ब्रिटनमध्ये आपल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती आणली, आणि आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८००ने ती घरोघरी पोहोचवली. आज बहुतेक सगळ्या हॅचबॅकना पुढे हीच असते. स्प्रिंग, जंपर आणि चाक वळण्याचा कणा अशी तीन कामं एकाच उभ्या खांबाने करायची, ही तिची खुबी. जागा कमी लागते, म्हणून इंजिन आडवं बसवता येतं. पण याचा अर्थ असा की स्टिअरिंग वळवलं की अख्खा खांब स्प्रिंगसकट वळतो. वर बॉनेटखाली तो एका रबरी माउंटला टेकलेला असतो आणि त्यात एक चपटी बेअरिंग असते, तिच्यावर तो फिरतो.

ती बेअरिंग जुनीच ठेवली असेल आणि गंजून जाम झाली असेल, किंवा स्प्रिंगचं टोक आपल्या बैठकीतल्या खाचेत नीट बसलं नसेल, तर वळवताना खालचा भाग फिरतो, वरचा अडून राहतो, स्प्रिंगला पीळ बसतो आणि शेवटी ती सुटते. तुमचा 'टण्' बहुधा तोच. घरच्या घरी पाहता येतो. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही चाकाच्या कमानीतून हात घालून तळवा स्प्रिंगवर बाहेरून टेकवा. बोटं वेटोळ्यांच्या मधे जाऊ देऊ नका. स्प्रिंग लोण्यासारखी फिरायला हवी. अडून अडून उडी मारत असेल तर हाताला स्पष्ट कळेल. गॅरेजमध्ये एक प्रश्न विचारा: जंपर बदलले तेव्हा वरचं माउंट आणि बेअरिंग नवी घातली का? खांब खोलण्याची मजुरी एकदाच पडते, म्हणून हे भाग त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं असतं. माउंटच्या मधला वरचा नटही पूर्ण आवळला आहे का ते पाहायला सांगा. एअर गनने आवळताना आतला दांडाच नटाबरोबर गरगर फिरतो आणि नट घट्ट झाल्याचा भास होतो. तो सैल राहिला तर बारीकसारीक खाचखळग्यांवरही खट् होते.

यापुढे कोणत्याही गॅरेजमध्ये जाल तेव्हा 'आवाज येतो' एवढंच सांगू नका. आपल्या मराठीत आवाजांना इतके बारकाईचे शब्द आहेत, ते मनापासून वापरा. रबरी बुश कोरडा पडला की गाडी कुईकुई करते. चाकाची बेअरिंग घरघरते, आणि वेग वाढला की घरघरही वाढते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना चाकाच्या फेऱ्यांबरोबर कटकटकट वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा गेला. त्याचं रबरी बूट फाटलेलं आणि ग्रीस आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. ब्रेक दाबला की एकदाच धप्, पाय काढला की पुन्हा एकदा, असं असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटला असावा. खराब रस्त्यावरची खडखड ब्रेकवर पाय हलका टेकवताच थांबली तर सस्पेन्शनला हात लावू नका, ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत. आणि या सगळ्याआधी डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी आवळून बसवा. पत्रा आवाज कुठून कुठे नेतो ते वर सांगितलंच आहे.

आता लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात. तो वाईट आहे असं सिद्ध झालं तर जरूर बदला, पण 'बदलून बघू' म्हणून नाही. त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट तपासायची पद्धत लिंक रॉडच्या उलट आहे: इथे चाक उचललेलंच हवं. जॅकबरोबर स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नका, घाईतही नाही. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाची बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. तिथे सैलपणा लागला तर टाय रॉड एंड किंवा त्यामागचा रॅक एंड. लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये टॉमी घालून हलकंसं उचकटलं की बॉल जॉइंटची झीज डोळ्यांनाही दिसते.

पावसाळ्यातच हे सगळं का डोकं वर काढतं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण तिथेच पुढचा खर्च वाचतो. अँबेसिडर आणि पद्मिनीच्या काळी पुढच्या सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस गन लावावी लागे. आजच्या बॉल जॉइंटमध्ये ग्रीस कायमचं भरून रबरी टोपी घातलेली असते, वरून भरायची सोय नसते. ती टोपी चिरली की खड्ड्यातलं पाणी आणि बारीक वाळू आत जाते, आणि त्या मिश्रणात पॉलिश केलेला बॉल दळला जातो. म्हणून पावसाळ्याआधी एकदा गाडी पिटवर घेऊन सगळ्या टोप्या बॅटरीच्या प्रकाशात पाहून घ्याव्यात. झीज दिसायच्या कितीतरी आधी चीर दिसते.

लोअर आर्म बदलायची वेळ आलीच तर एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि नवा बुश लवकरच फाटतो. आर्म, टाय रॉड किंवा जंपर, काहीही बदललं की अलाइनमेंट करायची. तुमचे जंपर बदलल्यावर ती केली होती का, पत्रात लिहिलेलं नाही. केली नसेल तर टायर एका कडेने खाल्ले जात असतील, आजच पाहा.

राहिला राजापूरचा प्रवास. दोष फक्त लिंक रॉडचा निघाला आणि ती सांध्यातून निखळायला आलेली नसेल, तर गाडी आवाज करत का होईना पोहोचवेल. पण इतक्या स्वस्त भागासाठी घाटात कलती गाडी नेऊ नका, निघण्याआधी बदलून घ्या. वरची बेअरिंग अडकत असेल तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला आळस करतं. एकामागून एक वळणं घेताना ते फार थकवतं आणि धोक्याचंही आहे, म्हणून तेही काम आधी. आणि चाक हलवून पाहताना बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल लागला तर गणपतीला एसटीने किंवा रेल्वेने जा. बॉल जॉइंट निखळला तर चाक बाहेर दुमडतं, टाय रॉड सुटला तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाक आपल्या वाटेने जातं. त्या स्थितीत गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टोइंगची गाडी बोलवा.